पान नऊ, डावीकडे खाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जानेवारीचा आपला अंक वाचला. २७ ला पेपर नसतो, त्यामुळे तोच दोन दिवस पुरवून पुरवून वाचला. पद्म पुरस्कारांना पहिलं पान आणि आतली दोन पानं दिलीत, फोटोही ठळक. छान केलंत. जीवन रक्षा पदकांची बातमी शोधायला मात्र चष्मा पुसावा लागला. पान नऊ, डावीकडे खाली, नऊ ओळी, शेजारी पाण्याच्या मोटारींची जाहिरात. कुणी कुणाला कशातून वाचवलं याचा एक शब्द नाही. आपल्या राज्यातल्या मानकऱ्यांची नावंसुद्धा नाहीत.

१९६१ पासून हे पदक दिलं जातं. बुडणारा, आगीत अडकलेला, विजेच्या तारेला चिकटलेला, दरडीखाली किंवा खाणीत गाडला गेलेला माणूस जो बाहेर काढतो, त्याला. पदकांची यादी पद्मच्याच सुमारास, २६ जानेवारीच्या तोंडावर जाहीर होते. दोन्ही याद्या आपल्या टेबलावर आल्या असणार. एकीला तीन पानं आणि दुसरीला नऊ ओळी, हे माप कुणी काढलं?

२८ च्या अंकात रणगाडे, चित्ररथ, मोटारसायकलींवरचे मनोरे. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं फौजेत होता, तेव्हा संचलनाला नावं ठेवतोय असा अर्थ कृपया काढू नये. पण २६ जानेवारी ही काही लढाई जिंकल्याची तारीख नाही. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर २६ जानेवारी १९३० ला ठिकठिकाणी लोकांनी जमून प्रतिज्ञा घेतली. राज्यघटना नोव्हेंबर १९४९ मध्येच स्वीकारली होती, तरी पूर्ण अंमल सुरू करायला त्या प्रतिज्ञेच्या तारखेपर्यंत थांबले. दिवस मुळात साध्या कपड्यांतल्या माणसांचा आहे.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तिथले शिपाई मामा एकदा मधल्या सुट्टीत शाळेमागच्या विहिरीत उतरले, उतरले कसले, कपड्यांसकट उडी टाकली, आणि सहावीतली मुलगी वर काढली. तिला काठावर पालथी घालून पाणी काढलं. ती खोकली, रडली, तेव्हा मामांनी स्वतःच्या कमरेला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा विहिरीच्या तळाशी गेला होता. संस्थेचं पत्र आठ दिवसांत आलं. अभिनंदनाचं नव्हे, नवीन कुलपांचा खर्च पगारातून वळता करण्याचं. त्यावर सही माझीच आहे, हे लपवत नाही.

सहीची टोचणी म्हणा, पण त्यांच्या पदकाचा प्रस्ताव मी स्वतः बसून तयार केला. पालकांचा जबाब, डॉक्टरांचा दाखला, तिघा शिक्षकांचं निवेदन, तीन प्रती. पाच महिन्यांनी फाईल परत आली, वर शेरा : ‘घटनेचे छायाचित्र जोडलेले नाही.’ खरंच चुकलं. मामांनी उडी मारण्याआधी मुलीला जरा वेळ बुडत राहायला सांगून छायाचित्रकाराला बोलवायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा पाठवली. मग साहेब बदलले, मग फाईल सापडेना, मग ‘प्रकरण जुने झाले’. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथे आता तिसरे साहेब असतील, त्यांचा काय दोष?

मामा निवृत्त झाले. तरी दर २६ जानेवारीला त्यांना बोलावणं जातं, कारण पाकळ्या आत ठेवून, एका हिसड्यात सुटेल अशी झेंड्याची गाठ दुसऱ्या कुणाला जमत नाही. यंदाही शाल आणि श्रीफळ मिळालं ते ज्यांनी मंडप आणि स्पीकर फुकट दिला त्यांना. मुलांनी ‘आम्ही, भारताचे लोक’ पासून उद्देशिका खणखणीत म्हटली. बंधुता हा शब्द आला तेव्हा मामा शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या पुढे सरकवत होते, कारण पाहुण्यांच्या बरोबर आणखी पाहुणे आले होते.

नीरजा भनोतमुळे अनेकांना कळलं की अशोकचक्र गणवेशाबाहेरच्या माणसालाही मिळतं. १९८६ साली कराचीत अपहरण झालेल्या विमानातले प्रवासी वाचवताना ती गेली, तेव्हा तिला तेविसावं पूर्ण व्हायला दोन दिवस होते. ती तर विमानातली, साऱ्या जगानं पाहिलं. विहिरीत उतरणाऱ्यांचं काय? निदान ज्यांना पदक मिळालंय, त्यांच्या हस्ते त्यांच्या तालुक्यातला झेंडा फडकवायला काय हरकत आहे? नेहमीचे हात एक वर्ष खिशात राहिले तर काही बिघडणार नाही. सरकारचं राहू द्या, आपण पुढच्या वर्षी निदान त्यांची नावं छापा. जागेची अडचण असेल तर मोटारींची जाहिरात पान दहावर चालेल.

जाता जाता आणखी एक. आपल्या स्थानिक पुरवणीत चार मथळ्यांत ‘प्रजासत्ताक दिनी ध्वजारोहण’ असं छापलंय. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि फक्त फडकवतात. दर वर्षी पत्र पाठवतो, दर वर्षी तेच छापता. मामा चौथीपर्यंत शिकलेत, त्यांना फरक माहीत आहे. आपल्या प्रतिनिधीला विचारून घ्यायचं असेल तर पुढच्या वर्षी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर पाठवा. त्यानंतर पाठवू नका. पाहुणे आले की मामा मागे जाऊन उभे राहतात आणि फोटोत येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक