सगळेच ‘सागो पाम’ नव्हेत

संपादक महोदय,

आमच्या गंगापूर रोडवर बंगल्याच्या फाटकाशी एखादा तरी ‘सागो पाम’ असतोच. मुळात हा पाम नव्हेच, सायकस आहे, पाइनसारखा अनावृतबीजी, म्हणजे बी फळात न दडता उघडं असणारा. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी गेली, तरी एका रोपवाटिकेत मी फसलेच. सायकस रिव्हॉल्युटा, म्हणजे खरा ‘सागो पाम’, म्हणून आणलेल्या रोपाचं पान माझ्या खांद्याच्याही वर गेलं, तेव्हा त्या लांबीमुळे शंका आली. पर्णिका, म्हणजे पानाची एक बारीक पाती, उलटवून कडेवरून बोट फिरवलं, तर कड सपाट! जपानी रिव्हॉल्युटाची कड खाली वळलेली असते, पन्हळीसारखी, आणि टोक टाचणीसारखं टोचतं.

सपाट कडेच्या सायकसांत पुन्हा आपल्या सह्याद्रीतला सर्सिनॅलिस आणि परदेशी रम्फी यांची गल्लत होते. नुसत्या पानावरून मी पैज लावणार नाही. मादी झाडाला बीजधारी पर्णं आली की पाहावं: रिव्हॉल्युटाची लोकरी, फणीसारखी खोल कातरलेली, सर्सिनॅलिसची भाल्याच्या टोकाची, कडेला दाते असलेली. माझं रोप तेवढं मोठं व्हायला बहुधा मीच पुरणार नाही!

सायकससारखाच दिसणारा झामिया ओळखायला मात्र सोपा. सायकसच्या पर्णिकेत मधोमध एकच ठळक शीर असते, झामियात ती नसतेच.

महापालिकेच्या उद्यानांत झाडांना पाट्या लावताना एवढं पाहावं. आणि बी विषारी असते, हेही तिथेच लिहावं. कुत्री ती चघळतात.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक