दोन चंद्रांच्या अफवेबद्दल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपवर ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय आणि नवीन मंडळी तुला उत्तर मागतायत, असं तू लिहिलंस. ‘खोटं आहे, पसरवू नका’ एवढं लिहून हा मेसेज थांबत नाही, हे एव्हाना सगळ्याच ॲडमिनना कळलंय. तो जन्मला कसा हे समजलं की उत्तर कसं द्यायचं तेही समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही अफवा खऱ्या बातमीतून निघाली. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५७ लाख ५८ हजार किमीवर होता. सुमारे ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, आणि याहून जवळ तो २२८७ मध्ये येईल. त्या वेळी इंग्रजीत एक ईमेल फिरत होती. तिच्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा होता: ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, पूर्ण चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो तेवढा दिसेल. हे गणित चोख आहे. त्या रात्री मंगळाची चकती २५ विकलांची होती (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला). चंद्र साधारण १८६५ विकलांचा. पंचवीसला पंच्याहत्तरने गुणलं की १८७५, म्हणजे जवळजवळ चंद्राचंच माप.

घात झाला तो ओळ तुटण्यामुळे. इंग्रजी वाक्यात दुर्बिणीची अट आधी येत होती, आणि ओळ नेमकी तिच्यानंतर तुटली. खालची ओळ स्वतंत्र वाचली तरी व्याकरणात कुठे अडत नव्हती: ‘मंगळ नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्राएवढा दिसेल.’ पुढे कुणीतरी वरचा तुकडा गाळला. मग साल गळलं, उरलं फक्त ‘२७ ऑगस्ट’. साल नसलेली तारीख दरवर्षी येते, म्हणून मेसेजही दरवर्षी ताजा राहिला. त्यात रात्री साडेबाराची वेळ आली, दोन गोल चिकटवलेला फोटो आला, आणि ‘आज जिवंत असलेल्या कुणालाही हे पुन्हा दिसणार नाही’ ही भर तर लोकांना थेट गच्चीवर नेणारी. २००३ मध्येसुद्धा मंगळ सर्वांत जवळ आला तो क्षण आपल्याकडे दुपारी तीन वाजून एकवीस मिनिटांनी होता आणि मंगळ तेव्हा क्षितिजाखाली होता, हे कुणाच्या गावीही नाही.

मूळच्या खऱ्या बातमीबद्दलही माझी तक्रार आहे. ‘६० हजार वर्षांत पहिल्यांदा’ हे खरं असलं तरी १९२४ च्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळजवळ तेवढाच जवळ होता. फरक वीस हजार किमीच्या आतबाहेर, चकतीच्या आकारात एका विकलेचा शंभरावा भाग. कोणत्याही दुर्बिणीतून तो फरक डोळ्यांना कळला नसता. विक्रमाचा एवढा गाजावाजा झाला नसता तर पुढच्या थापेला इतकी सुपीक जमीन मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात ही अफवा टिकायला आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ऑगस्टअखेर आपल्याकडे पावसाळा असतो. लोक मुलांना घेऊन गच्चीवर जातात, वर नुसते ढग. मग ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘मेसेज खोटा होता’ असा न होता ‘आपलं नशीब, ढग आले’ असा होतो. पुढच्या वर्षी तीच माणसं तोच मेसेज मनापासून पाठवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मंगळ आकाशात दिसणंच शक्य नव्हतं, कारण २ सप्टेंबरला त्याची सूर्याशी युती होती, म्हणजे तो सूर्याच्याच दिशेला होता. मंगळाची प्रतियुती (आपल्याकडून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं, त्याच सुमारास तो जवळ असतो) साधारण २६ महिन्यांनी येते, त्यामुळे ‘दर ऑगस्टला मंगळ जवळ’ हे कधीच जुळणारं नाही. एवढी एक गोष्ट सभासदांच्या डोक्यात बसली तरी निम्मं काम झालं.

आता ग्रुपमध्ये तो पसरतो कसा ते बघ. खोटेपणाने पाठवणारे थोडे. बहुतेक जण मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड करतात आणि खाली विचारतात, ‘हे खरं आहे का?’ पुढचा माणूस फक्त वरचा मेसेज उचलतो, प्रश्न मागेच राहतो. शिवाय तो आता ‘आमच्या खगोलच्या ग्रुपवर आलाय’ म्हणून जातो, म्हणजे तुमच्या मंडळाची पत त्याला चिकटते. घरच्या ग्रुपवर ज्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नसता, त्याला तुमच्या नावाने वजन येतं. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि खूपदा फिरलेल्या मेसेजला २०२० पासून एकाच चॅटची. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की फॉरवर्डची खूण पुसली जाते आणि ती मर्यादाही लागू होत नाही. म्हणून खूण नसलेला मेसेज म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला, असं धरून चालू नकोस.

ग्रुपसाठी माझा एकच आग्रह: शंका असेल तर मेसेज फॉरवर्ड करायचा नाही, प्रश्न स्वतःच्या शब्दांत टाइप करायचा किंवा मेसेज एकट्या ॲडमिनला पाठवायचा. उत्तर देतानाही तो फोटो पुन्हा टाकू नका. लाल फुली मारून टाकला तरी लोकांच्या लक्षात फोटोच राहतो.

उत्तर दोन आकड्यांत मावतं. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळजवळ दुप्पट आहे, ६७७९ किमीला ३४७४ किमी. म्हणजे तो चंद्राएवढा दिसायला पृथ्वीपासून सुमारे साडेसात लाख किमीवर यावा लागेल, आणि प्रत्यक्षात तो साडेपाच कोटींच्या आत येतच नाही. साडेसात लाखांवर आलाच, तर समुद्राच्या भरती-ओहोटीवर त्याची ओढ चंद्रापेक्षा थोडी जास्तच पडेल. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हे एक वाक्य पुरतं. वर एवढं जोड की नुसत्या डोळ्याला साधारण ६० विकलांपेक्षा लहान गोष्टीचा आकार कळत नाही. पंचवीस विकलांचा मंगळ डोळ्याला लाल ठिपकाच दिसणार, कितीही तेजस्वी असला तरी.

ज्यांना स्वतः पडताळायचंय त्यांना स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं ॲप उघडायला सांग. कॉम्प्युटरवर एफ-६ दाबून आपलं गाव, एफ-५ ने मेसेजमधली तारीख आणि वेळ, एफ-३ ने मंगळ शोधायचा. डाव्या कोपऱ्यात अंतर आणि दृश्य व्यास येतो. तसाच चंद्राचा व्यास काढून शेजारी लिहायचा. यात नेहमी होणारी गडबड म्हणजे गाव न बदलणं. मग उगवण्या-मावळण्याच्या वेळा चुकतात आणि लोक म्हणतात, ॲपच खोटं.

मला खरी काळजी आहे ती फेब्रुवारी २०२७ ची. १९ तारखेला मंगळाची प्रतियुती आहे आणि २० तारखेला माघी पौर्णिमा. त्या रात्री पूर्ण चंद्र आणि मंगळ दोघेही सिंह राशीत, मघेच्या आसपास, एकमेकांजवळ असतील. दोन चंद्रांच्या मेसेजला याहून सोयीची रात्र मिळणार नाही. तुम्हालाही नाही, कारण फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असतं. मंगळ तेव्हा दहा कोटी किमीवर, चकती जेमतेम १४ विकलांची, तेज व्याध ताऱ्यापेक्षा किंचित कमी. लोकांना दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा. अफवेचं याहून चांगलं उत्तर नाही.

तुमच्या आठ इंची डॉबसन दुर्बिणीची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १२०० मिमी आहे. ९ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावलास तर १२०० भागिले ९, म्हणजे १३३ पट मिळतील, म्हणजे चकती नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढी. तरीही बघणारा म्हणेल, ‘एवढासाच?’ याची तयारी ठेव. आयपीसमधून पन्नास अंशांचं काळं वर्तुळ दिसतं आणि त्यात अर्ध्या अंशाची चकती शंभराव्या भागाएवढी. म्हणून आधी चंद्राचं खरं माप पटवून दे: हात लांब करून चिमटीत मसुरीचा दाणा धरायला लाव, पूर्ण चंद्र त्याच्यामागे जवळपास झाकला जातो. हे केल्यावर आयपीसला डोळा लावणारा माणूस निराश होत नाही. हवा स्थिर असेल तर मग २०० पटींपर्यंत जा, ध्रुवाजवळचा पांढरा ठिपका आणि एखाददुसरा काळसर पट्टा दिसायला हरकत नाही.

दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर काढून ठेव, नाहीतर गरम आरशामुळे चकती उकळत राहील. बघण्याची वेळ रात्री दहा ते साडेअकरा ठेवा. आधी मंगळ खाली असतो आणि हवा थरथरते, मध्यरात्रीनंतर तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि तिथे डॉबसन वळवणं त्रासाचं होतं. जागा अंधारी हवी असंही नाही, चांदणं मंगळाच्या आड येत नाही. शाळेचं मैदान किंवा सोसायटीची गच्ची चालेल. सिमेंटची गच्ची मात्र दिवसभर तापलेली असते, तिच्यापेक्षा गवत बरं.

ग्रुपवर जानेवारीतच एक छोटा मेसेज टाकून तो वर पिन कर. त्यात तारीख सालासकट लिही, म्हणजे पुढच्या वर्षी तो आपोआप शिळा होईल. ‘दुर्बिणीतून’ हा शब्द आणि ‘चंद्राएवढा’ हा शब्द एकाच ओळीत ठेव, त्यांच्यामध्ये ओळ मोडू देऊ नकोस. मसुदा झाला की मला पाठव, आकडे तपासून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
श्रीकांत