बटाटे सोलणारीस पत्र

वास्को, २७ जून

प्रिय सोनू,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा तुझा आवाज ऐकला तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा वाजले होते. तुझ्याकडे आठ, आणि तू म्हणतेस अजून ऊन आहे! इकडे आठ दिवस सूर्य दिसलेला नाही. कपडे वाळत नाहीत म्हणून पप्पांची पँट फ्रिजच्या मागे टांगली आहे.

"मम्मी, लिस्बनला येऊन तीन आठवडे मी नुसते बटाटे सोलतेय." हे ऐकून आधी हसले, मग वाईट वाटलं. आठ आठवड्यांच्या मिशनला म्हणून विश्वासाची साक्ष पाठ करून गेलीस, मुलांच्या शब्बाथ शाळेची चित्रं पिशवीभर नेलीस, आणि टीम लीडरने तुला स्वयंपाकघराच्या पाळीला लावलं. मुलांचा वर्ग ब्राझीलच्या मुलीकडे. पण अगं, ती पोर्तुगीज बोलत वाढली. लहान मूल रडायला लागलं तर ते का रडतंय हे तिला कळणार. तू इंग्रजीत "डोंट क्राय" म्हणणार. लीडरच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. राग आला तर येऊ दे.

तुझ्या "नुसते"वरून आठवलं. लग्न होऊन नगरहून इथे आले तेव्हाची गोष्ट. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, आज जेवायला काय? मी म्हटलं, "नुसतं वरण-भात." त्या थांबल्या. "खंयचें नुस्तें?" मला वाटलं, ह्यांना कमी ऐकू येतं. मी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, तीन वेळा "नुसतं" म्हटलं. संध्याकाळी त्यांनी वाटीभर बांगड्याची आमटी आणून दिली. कोकणीत नुस्तें म्हणजे मासळी, हे मला पप्पा ड्यूटीवरून आल्यावर कळलं. आमच्या मंडळीत तेव्हा सगळे आपसांत कोकणी नाहीतर इंग्रजी बोलत. उपासनेनंतर चहाचा कप धरून मी भिंतीपाशी उभी राहायचे. सहा महिने. त्या आमटीवाल्या बाई नसत्या तर मी परत नगरची गाडी धरली असती.

म्हणून त्या स्वयंपाकघरातल्या आजी, ज्यांना इंग्रजी येत नाही म्हणून तू कंटाळतेस, त्यांना धरून राहा. तुझ्या हातात आहे तो बटाटा त्यांचाच. आपल्याकडे तो बोटीतून आला आणि नाव सोबत घेऊन आला. पाव त्यांचा, साबण त्यांचा, चावी, अननस, पगारसुद्धा. कोबी घे हातात आणि विचार, बघ त्या काय म्हणतात. वास्कोच्या मुलीला ही भाषा अर्धी घरातूनच येते. फक्त नाकातून बोलायचं. आणि आभार मानताना तू "ओब्रिगादा" म्हणायचं. मुलगे म्हणतात ते वेगळं.

आपल्या पंथाचे नव्हते, पण फादर स्टीफन्स मला फार आवडतात. इंग्रज माणूस, १५७९ च्या एप्रिलमध्ये तुझ्या त्या लिस्बनहूनच गलबतात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. अडीच आठवड्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात काय, तर वारे, मासे, पक्षी, खलाशांच्या सुजलेल्या हिरड्या. मी इतक्यांना वचन सांगितलं वगैरे काही नाही. पुढे चाळीसेक वर्षं तो इथेच राहिला, बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, आणि मराठीत ११ हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. तिथल्याच राशोलला ते छापून झालं १६१६ मध्ये. म्हणजे उतरल्यापासून ३७ वर्षांनी. तुझ्याकडे आठ आठवडे आहेत, त्यातले तीन बटाट्यांत गेले.

ह्याची दुसरी बाजूही आहे. १६८४ मध्ये इथल्याच पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. लोकांनी टाकली नाही, हे तू रोज बाजारात ऐकतच वाढलीस. पण इथे "मिशन" हा शब्द कानावर पडला की शेजारी सावध होतात, ते उगीच नाही. परवा वरच्या आजींनी मला सरळ विचारलं, "पोरगी लोकांना बाटवायला गेली का गं?" मी म्हटलं, "नाही आजी, सध्या बटाटे सोलायला गेली आहे." त्या इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं. नंतर मात्र मी विचार करत बसले. तुला तिथे कोणी असं विचारलं तर चिडू नकोस. बसून ऐक. उत्तर नंतर दे, किंवा देऊ नको.

खोलीतली मुलगी रात्रभर खिडकी उघडी ठेवते म्हणालीस. तिला तोंडावर सांग. टीमच्या प्रार्थनेत "संबंधांसाठी" म्हणून आडून सांगू नकोस, ती पद्धत मला मुळीच आवडत नाही.

महिला मंडळाने तुझ्यासाठी पाचशे-पाचशे काढून दिले होते, त्या विचारत असतात. त्यांना एक पान लिही. बटाट्यांचंही लिही. त्यांना स्वयंपाकघर कळतं.

सांजांवाला, सेंट जॉनच्या सणाला, शेजारून हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या, तुझ्या वाटच्या पप्पांनी खाल्ल्या. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, ट्रॉलर खारीवाड्याला ओळीने बांधलेत, आणि आम्ही सुकटीवर आहोत. तिकडे म्हणे संत आंतोनीच्या सणापासून गल्लोगल्ली तारल्या भाजतात. स्वयंपाकघरातल्या आजींना विचार, मीठ आधी लावतात की नंतर, आणि आपल्यासारखं पोट साफ करून घेतात की तशाच ठेवतात शेगडीवर. नीट विचारून कळव.

तुझी,
मम्मी

ता. क. लाडवांचा डबा कपाटात लपवून ठेवला असशील. तो जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेव.