घड्याळ नसलेल्या खोलीतला अल्बम

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत बिली आयलिशवरच्या माहितीपटाला आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. परदेशी पॉप गायिकेवर मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान, तेही तिच्या ढगळ कपड्यांवर एकही शेरा न मारता, हे थोडं नव्हे. पण त्यातलं एक वाक्य माझ्या घशात अडकलं ते अजून खाली उतरलेलं नाही. 'एक लॅपटॉप आणि एक पलंग एवढ्यावर अल्बम होतो हे या भावंडांनी दाखवून दिलं, स्टुडिओचे दिवस संपले.'

मी एकतीस वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. आता निवृत्त आहे, तेव्हा दुकान बुडतंय म्हणून ही बाई ओरडते आहे असा समज करून घेऊ नये. स्टुडिओचे दिवस संपले असतील तर संपोत, त्यातल्या काही दिवसांसाठी माझ्या डोळ्यांतून टिपूसही येणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

'द वर्ल्ड्स अ लिटल ब्लरी' हा आर. जे. कटलर यांचा तो माहितीपट 2021 च्या फेब्रुवारीत ॲपलच्या वाहिनीवर आला. मी तो आत्ता पाहिला, सोळा वर्षांच्या भाचीच्या आग्रहाने. दोन तास वीस मिनिटांचा आहे आणि त्यात चक्क मध्यंतर आहे. आपल्या लेखकांना ही लांबी खटकली. मलाही कोचेला संगीत महोत्सवाच्या गर्दीत आणि दौऱ्यांच्या धावपळीत दोनदा डुलकी लागली, खोटं कशाला सांगू. पण लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्कमधलं तिचं ते छोटं घर पडद्यावर आलं की मी ताठ बसत होते.

घर दोन बेडरूमचं. दोन्ही खोल्या मुलांना दिलेल्या, आईवडील बैठकीच्या खोलीत झोपायचे. तिचा भाऊ फिनियस याच्या खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, लॉजिक प्रो हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर, आणि हातभर अंतरावर पलंग. बहीण पलंगावर मांडी घालून गाते, भाऊ टेबलाशी. या खोलीत 'व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?' हा तिचा पहिला अल्बम झाला आणि 29 मार्च 2019 ला तो बाहेर पडला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, भाऊ एकवीस. 'ओशन आइज' तर त्याआधीचं, 2015 चं. ते गाणं फिनियसने स्वतःच्या बँडसाठी लिहिलं होतं, पण तिच्या नृत्यशिक्षकाला हवं होतं म्हणून तेरा वर्षांच्या बहिणीच्या आवाजात केलं आणि साउंडक्लाउड या गाण्यांच्या संकेतस्थळावर टाकून दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता तिच्यावर मारल्या जाणाऱ्या 'ती गात नाही, पुटपुटते' या शेऱ्याबद्दल. हा शेरा नवा नाही. मायक्रोफोन आला तेव्हापासून हळू गाणाऱ्याला ऐकावाच लागतो. तलत महमूदच्या आवाजातला कंप लोकांना दोष वाटायचा. 'आरजू' चित्रपटाच्या वेळी, 1950 साली, संगीतकार अनिल विश्वासांनी तो कंपच त्याच्याकडे मागितला. असो, ते दिवस वेगळे.

पण हळू गाणं सोपं असतं हा समज कुणी पसरवला कोण जाणे. खुल्या आवाजाचा गायक माइकपासून दोन पावलं मागे उभा राहतो आणि खोली त्याला सांभाळून घेते. हळू गाणाऱ्याला माइकला चार बोटांवर यावं लागतं आणि मला इकडे गेन, म्हणजे माइकमधून येणाऱ्या आवाजाची पातळी, वाढवावा लागतो. गेन वाढला की आवाजाबरोबर सगळंच वाढतं. ओठ सुटताना होणारा चट्ट आवाज, जिभेवरची थुंकी, बाहीची सळसळ, गिळलेला आवंढा. 'प' आणि 'भ' तर माइकच्या पडद्यावर चापट मारल्यासारखे येतात. जेवून आलेल्या गायिकेच्या पोटातली गुडगुड मी कितीतरी वेळा टेपवर पकडली आहे, आणि ती ऐकवल्यावर झालेली तिची पंचाईतही. अशा अंतरावर सूर पाव केसाने ढळला तरी लपायला जागा नसते, कारण आवाजाला रेटाच नसतो. त्यातून ही मुलगी स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवते. पहिल्या थरातला 'त' जिथे पडला तिथेच पुढच्या प्रत्येक थरातला पडायला हवा, नाहीतर ऐकताना कुणीतरी तांदळात खडा चावल्यासारखं वाटतं. हे पुटपुटणं नव्हे. याला दम लागतो, फक्त तो दिसत नाही.

आणि नुसतं आवाजाचंच नाही. 'झॅनी' हे गाणं हेडफोन लावून एकदा ऐकावं, फोनच्या स्पीकरवर नको. एका जागी खालचा बास इतका जाड होतो की तिचा आवाज त्यात फाटतो. मला पहिल्यांदा वाटलं हेडफोनच गेला. पण ते मुद्दाम केलेलं आहे. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर तोंडावर यावा तसं वाटायला हवं होतं, असं फिनियसने सांगितलेलं आहे. माझ्या काळात असा ट्रॅक मी बाहेर सोडला असता तर दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं नसतं. 'बरी अ फ्रेंड'मध्ये दातांच्या डॉक्टरकडच्या ड्रिलचा खरा आवाज आहे, 'बॅड गाय'मध्ये सिडनीच्या रस्त्यावर चालणाऱ्यांना सिग्नल सुटल्याची खूण देणारी टकटक. आणि अल्बमची सुरुवात होते ती दात सरळ करायची पट्टी तोंडातून काढल्याच्या आवाजाने आणि दोघांच्या हसण्याने. हे आवाज विकत आणलेले नाहीत, जगता जगता फोनवर टिपून ठेवलेले आहेत. कान सदोदित उघडे असले तरच असं होतं.

या घरातली मला सगळ्यात जवळची वाटलेली जागा मात्र वेगळीच. फिनियस आईला सांगतो की मला हिट गाणं लिहायला सांगितलंय आणि वर हेही सांगितलंय की बिलीला ते कळू द्यायचं नाही. मी तिथे चित्रपट थांबवला. भाची म्हणाली, "काय झालं मावशी?" काय सांगणार! स्टुडिओत गायिका काचेपलीकडे असते, त्या काचेच्या अलीकडे मी अख्खं आयुष्य हेच केलं. निर्मात्याला काय हवंय ते मला माहीत, गाणाऱ्या पोरीला माहीत नाही, आणि मी टॉकबॅकचं, म्हणजे काचेपलीकडे बोलायचं, बटण दाबून गोड आवाजात म्हणते, "छान झालं हं, फक्त एकदा अजून, जरा मोकळं."

एक प्रसंग सांगते, नावं न घेता. नव्वदच्या दशकात एका स्टुडिओत एका सतरा वर्षांच्या मुलीचा पहिला अल्बम होत होता. तेव्हा कॅसेट निघायची. वडिलांनी शिफ्टचे, म्हणजे स्टुडिओच्या ठरावीक तासांचे, पैसे कुठूनतरी उभे केले होते आणि शिफ्ट म्हणजे शिफ्ट, घड्याळ समोर भिंतीवर. पोरगी सकाळी आली तेव्हा गुणगुणत होती, काय आवाज होता! दुपारनंतर तो दगडासारखा व्हायला लागला. प्रत्येक टेकनंतर ती काचेतून माझ्याकडे बघायची नाही, घड्याळाकडे बघायची. शेवटच्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चुकला, शब्द तुटला. मला कळलं. तिला कळलं. स्टुडिओच्या मालकाने दारातून डोकं आत घालून मनगटावर दोन बोटं टेकवली. बाहेर पुढची पार्टी तबल्याच्या पिशव्या घेऊन बसलेली. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "ओके आहे, घेऊ." तो तुटलेला शब्द कॅसेटवर तसाच आहे. तिची दुसरी कॅसेट आली नाही. माझ्या 'ओके'मुळे असं मी म्हणत नाही, पण तो शब्द मला पाठ आहे.

तर संपादक महोदय, त्या पलंगाने या मुलीला काय दिलं? यंत्रं नव्हेत. ती माझ्याकडे कितीतरी भारी होती. तिला मिळाला न मोजलेला वेळ. आज आवाज लागत नाही? उद्या गाऊ. आज गाणं लिहायचा कंटाळा आलाय? ती कॅमेऱ्यासमोर सरळ सांगते की तिला गाणी लिहायचा जाच होतो, आणि भाऊ वैतागतो, पण कुणी दारातून मनगट दाखवत नाही. दुसरं म्हणजे समोर बसलेला माणूस भाऊ आहे. त्याच्यापुढे बेसूर व्हायची लाज नाही. गायिकेची ही लाज गेली की अर्धं रेकॉर्डिंग झालं, हे कुठलाही रेकॉर्डिस्ट सांगेल. आणि तिसरं, आईवडिलांनी स्वतःची खोली सोडली होती. लॅपटॉप दुकानात मिळतो हो, बाकीचं कुठे मिळतं?

आई मॅगी बेअर्डबद्दल लेखात 'सतत मागे मागे असणारी' असं लिहिलंय. मला ती तशी दिसली नाही. 'व्हेन द पार्टीज ओव्हर'च्या व्हिडिओची कल्पना समजवायला बिली घराच्या मागच्या अंगणात आईला टेबलाशी बसवते, कॅमेरा कुठून फिरेल ते दाखवते, आणि ती बाई निमूटपणे मुलीची डमी होऊन बसते. मागे मागे असणारी माणसं अशी बसत नाहीत. वडील पॅट्रिक तर मुलगी गाडी घेऊन एकटी निघून गेल्यावर दाराबाहेर उभे राहून कॅमेऱ्याशी बोलत राहतात. त्यांचा आवाज ऐकून भाची म्हणाली, "बाबा असाच करेल बघ." तिने लायसन्सचा अर्ज अजून भरलेला नाही.

आता मुख्य तक्रार, जी चित्रपटाबद्दल आहे आणि आपल्या लेखाबद्दलही. अल्बम त्या खोलीत जन्माला आला हे खरं, पण तो त्याच खोलीतून थेट आपल्या कानात आला नाही. फिनियसने तयार केलेल्या सगळ्या गोष्टी मिक्सिंगसाठी रॉब किनेल्स्की यांच्याकडे गेल्या आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम यांनी केलं. मिक्सिंग म्हणजे शंभर आवाजांमधून तिच्या कुजबुजीला वाट करून देणं. तो जाड बास हेडफोन फाडणार नाही, पण फाडतोय असं वाटेल, इथपर्यंत आणून सोडणं. मास्टरिंग म्हणजे हेच सगळं गाडीत, फोनवर, मोठ्या स्पीकरवर, कुठेही ऐकलं तरी तसंच पोचेल हे बघणं. चित्रपट या टप्प्यावर रेंगाळत नाही. समजू शकते, दोन माणसं स्क्रीनकडे बघत बसली आहेत यात बघण्यासारखं काय? माझ्या घरचेही मला हेच विचारायचे.

26 जानेवारी 2020 च्या ग्रॅमी सोहळ्यात तिने एका रात्रीत चारही मुख्य पुरस्कार घेतले. तिच्याआधी हे फक्त क्रिस्टोफर क्रॉसला जमलं होतं, 1981 मध्ये. हे आपल्या लेखात आहे. फिनियसने मंचावरून आपापल्या बेडरूममध्ये गाणी करणाऱ्या मुलांना उद्देशून 'तुम्हालाही हे मिळेल' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, तेही आपण ठळक चौकटीत छापलंय. पण त्याच वर्षी याच अल्बमला उत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही मिळाला, तो लेखात नाही. तो पुरस्कार एकट्या खोलीला मिळालेला नाही. त्यावर फिनियसच्या बरोबरीने किनेल्स्की आणि ग्रीनहॅम या दोघांची नावं आहेत.

माझी भाची हल्ली कपाटात कपड्यांच्या मधे बसून फोनवर गाणी रेकॉर्ड करते. कपड्यांमुळे घुमत नाही हे तिने स्वतःच शोधून काढलं, मी शिकवलं नाही. तुमचा लेख तिने कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. दार उघडलं की 'एक लॅपटॉप आणि एक पलंग' हे वाक्य तिच्या डोळ्यांसमोर येतं. म्हणूनच हे पत्र. येत्या रविवारी जागा झाली तर एका ओळीची भर छापावी: मिक्सिंग रॉब किनेल्स्की, मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम. मी ती कापून त्या वाक्याच्या खाली चिकटवीन.

आपली,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक