पिशवीत लाल चिठ्ठ्या किती? जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. इथे ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, यावरून अंदाज यावा. भिंतीला तीनदा रंग दिला, तरी दर पावसाळ्यात तो डाग ओल धरून वर येतोच. दुसऱ्या वर्षी पूररेषेचा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढू शकतं ते दाखवणाऱ्या रेषेचा, नकाशा बघायला एका कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "सर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला पूर. तुमचा येऊन गेला, आता निवांत राहा." पुढच्याच जुलैत पाण्याने पुन्हा पन्नाशी ओलांडली.

त्यांच्यावर राग नाही. दहावीच्या वर्गात निम्मी पोरं हीच चूक करायची, मग मी पिशवी काढायचो. शंभर चिठ्ठ्या, नव्व्याण्णव पांढऱ्या, एक लाल; लाल म्हणजे शंभर वर्षांतला पूर. दर वर्षी एक काढायची, बघायची, परत टाकायची. यंदा लाल निघाली म्हणून पुढल्या वर्षी ती निघणार नाही असं नाही. पिशवीला मागचं काही आठवत नसतं. वीस वर्षांत एकदा तरी लाल निघण्याची संभाव्यता किती? ०.९९ चा विसावा घात काढून १ मधून वजा करा. १८ टक्के. पाचात जवळजवळ एक. वीसच वर्षं का, तर गृहकर्जाचे हप्ते बहुधा तेवढेच असतात.

आता मूळ दुखणं. ही रेषा मागच्या नोंदींवरून काढतात. त्यात गृहीत असं, की पुढची पिशवी मागच्यासारखीच असेल. पण मधल्या काळात हवामान बदलाने आणखी एक लाल चिठ्ठी आत टाकली असेल तर? १८ चे थेट ३३ टक्के होतात, म्हणजे तिनात एक. नकाशावरची रेषा मात्र तिथेच.

चिठ्ठी वाढली की नाही हे ओळखायचं गणित आहे, आणि त्याचाच उपयोग आपल्या खात्याने करावा एवढ्यासाठी हे पत्र. पारावरची मंडळी मला टोकतात, "पाच दिवसांनी पाऊस येतो का ते धड सांगता येईना, अन् २०५० चं काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवेचं गणित यंत्रावर दुसऱ्यांदा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्या वेळाने दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. म्हणून महिन्याभरानंतरचा अमुक दिवस कुणी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न पुढची चिठ्ठी कोणती निघेल याचा. २०५० बद्दल शास्त्रज्ञ सांगतात ते पिशवीत चिठ्ठ्या कसल्या आहेत याबद्दल, आणि ते सांगता येतं. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच तऱ्हेच्या कामासाठी.

या कामाच्या साधनाला हवामानाचं प्रारूप म्हणतात. रीत ऐकायला साधी आहे. वातावरण आणि समुद्र यांचे चौकोनी ठोकळे पाडायचे, प्रत्येकात उष्णता, वारा, बाष्प यांची समीकरणं मांडायची आणि काही मिनिटांची पावलं टाकत वर्षानुवर्षं पुढे न्यायची. त्यातला एक दुवा तर बारावीच्या मुलालाही समजेल: हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. सांगली त्या पट्ट्यात येत नाही, तेव्हा तो आकडा मी इथे जसाच्या तसा चिकटवणार नाही. आपल्या खोऱ्याचा आकडा आपणच काढायला हवा.

आणि इथेच गाडं अडतं. जागतिक प्रारूपातला ठोकळा बरेचदा शंभर किलोमीटरचा असतो. त्या एका ठोकळ्यात महाबळेश्वर आणि फलटण दोन्ही मावतात! एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दुसरीकडे टँकर. दोघांची सरासरी काढली तर ती कुणाच्याच कामाची नाही. कोयना आणि वारणेच्या पाणलोटासाठी ठोकळे बारीक करावे लागतील. त्याला संगणक लागतो, आणि घाटमाथ्यावर दाट पर्जन्यमापकंही लागतात. (कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळे इथे पाणी तुंबतं का, यावर वाद घालायला दोन्ही राज्यांत माणसं भरपूर आहेत, म्हणून ते इथे काढत नाही.)

पूररेषा दर दहा वर्षांनी नव्याने काढावी आणि ती काढताना पुण्याच्या शास्त्रज्ञांना सोबत बसवावं. नकाशाच्या कोपऱ्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदी धरल्या ते ठळक छापावं. शिवाय पुराचा इशारा शक्यतेच्या भाषेत द्यावा. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून प्रारूप पन्नास वेळा चालवलं आणि पस्तीस वेळा पाणी ४५ फुटांवर गेलं, तर सरळ सांगा: शक्यता ७० टक्के. लोक गोंधळतील असं म्हणू नका. आभाळ भरून आल्यावर दावण्या रोगावरची फवारणी घ्यायची की थांबायचं, हा हिशेब तासगावचा द्राक्षबागायतदार कायम मनात करत असतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लाल रेषेला अगदी लागून, पण बाहेरच्या बाजूला, फ्लॅट बघितलाय. हप्ते वीस वर्षांचे. "सर, घेऊ का?" म्हणून दोनदा फोन आला. १८ सांगू की ३३, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि दिवाळीत तो बयाणा देणार आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
गावभाग, सांगली