सहा वर्षांचा अबोला आणि तुमचे एक वाक्य

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आले असते. पण तुमच्यासारख्या वाचकांमुळे लिहिते राहिलेले माझ्यासारखे आणखीही लोक आहेत आणि हे आभार त्यांच्या समोर मानले जावेत असे मनापासून वाटले, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. तुमचे नाव मात्र मुद्दाम लिहिलेले नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दीड वर्षापूर्वी आपल्या लेखकांच्या छोट्या गटात मी 'किल्ली' ही कथा वाचायला ठेवली. आई गेल्यानंतर दोन भाऊ तिचे बंद घर आवरायला येतात, त्या दोघांत सहा वर्षांचा अबोला आहे आणि एका दिवसात त्यांना ते घर रिकामे करायचे आहे, एवढाच तिचा ऐवज. शब्द सुमारे २९०० होते. पाठवण्यापूर्वी मी ती इतक्या वेळा वाचली होती की तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. पहिल्या दोन दिवसांत आलेल्या अभिप्रायांनीही त्या समजुतीला धक्का लावला नाही. 'डोळ्यांत पाणी आले', 'शेवट सुन्न करून गेला', 'लिहीत राहा' असे बऱ्याच जणांनी लिहिले. त्या सर्वांचा मी ऋणी आहे, कारण चार चांगल्या शब्दांनी लिहिणाऱ्याला उभारी येते आणि ती उभारी खरी असते. पण त्यांपैकी कोणत्याही अभिप्रायावरून मला कथेतला एक शब्दसुद्धा हलवता आला नसता.

तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा तुमचा अभिप्राय आला. कथा चांगली की वाईट, याविषयी त्यात सुरुवातीला एक अक्षरही नव्हते. वाचताना तुमचे काय झाले, ते तुम्ही क्रमाने नोंदवले होते. चौथ्या परिच्छेदात पेटी कोणाच्या हातात आहे हे न कळल्याने तुम्ही दोन ओळी मागे गेलात. माळ्यावरचे सामान काढण्याचा भाग तुम्ही भरभर वाचलात आणि आपण भरभर वाचत आहोत हे तुमच्या मध्येच लक्षात आले. एका जागी, थोरल्या भावाच्या नजरेतून चाललेल्या कथेत 'धाकट्याला मनातून अपराधी वाटले' असे वाक्य आल्यावर, हे थोरल्याला कसे समजले, असा प्रश्न तुम्हाला पडला. आणि संवादांपाशी तुम्ही एकच वाक्य लिहिले होते: 'सहा वर्षे एकमेकांशी न बोललेली माणसे इतकी पूर्ण वाक्ये बोलतील का?'

त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. माझा थोरला भाऊ धाकट्याला सांगत होता, 'बाबांना जाऊन दहा वर्षे झाली, तेव्हापासून आईने हे शिलाई मशीन एकदाही उघडले नाही, तुला माहीतच आहे.' धाकट्याला ते माहीतच होते. माहीत नव्हते ते वाचकाला, आणि वाचकाला माहिती पुरवण्यासाठी मी त्या दोन माणसांना वेठीला धरले होते. अबोला धरलेले ते दोघे माझ्या सोयीसाठी घडाघडा बोलत होते आणि मी मात्र निवेदनात त्यांच्यातल्या न सुटणाऱ्या गाठीविषयी लिहीत होतो. कथेचा सगळा ताण ज्या अबोल्यावर उभा, तो अबोला मी फक्त सांगितला होता, कथेत कुठेही घडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सगळे संवाद काढून टाकले आणि दोघांना पुन्हा त्या खोलीत सोडले. बराच वेळ ते काही बोलेनातच. मग थोरल्याने विचारले, 'मशीन?' धाकटा म्हणाला, 'राहू दे.' 'गंजलंय.' 'असू दे.' एवढ्यावर तो प्रसंग थांबला, आणि मला स्वतःला पहिल्यांदाच त्या दोघांच्या मधले अंतर जाणवले. बाबांच्या मागची दहा वर्षे आता संवादात नाहीत. मशीनच्या सुईत तसाच ओवलेला राहिलेला, हात लावताच तुटणारा जो दोरा आहे, त्यात ती आली. कथा २१०० शब्दांवर आली. कमी झालेल्या आठशे शब्दांतला एकही तुम्ही काढायला सांगितला नव्हता.

तुमचे सगळ्यांत मोठे उपकार मी याच गोष्टीसाठी मानतो. सहलेखकाने कथा वाचली की त्याचा हात आपोआप शिवशिवतो. हे वाक्य असे हवे होते, शेवट असा करा, नायिकेला नोकरी सोडायला लावा, असे तो सांगू लागतो. मीही हे इतरांच्या कथांबाबत वर्षानुवर्षे केले आहे. त्यात हेतू चांगलाच असतो, पण हळूहळू ती कथा त्याची होऊ लागते आणि मूळ लेखक आपल्याच लिखाणात पाहुण्यासारखा वावरू लागतो. तुम्ही मला उपाय दिला नाहीत. दुखणे नेमके कुठे आहे तिथे बोट ठेवलेत आणि पुढचे माझ्यावर सोपवलेत. तुमच्याजवळ उपाय नसेल असे मला एका क्षणासाठीही वाटले नाही. तुम्ही तो आवरून धरलात, आणि ते किती अवघड असते हे मला आता कळते.

त्याआधीच्या अनुभवामुळे हे सारे माझ्या दृष्टीने अधिकच मोलाचे ठरले. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, माझ्या पहिल्या कथेवर एका ज्येष्ठ लेखकाने अभिप्राय दिला होता. कथेत काय कमी आहे यापेक्षा मी लिहूच नये असा त्याचा सूर होता. त्यातले दोन मुद्दे बरोबर होते, हे मला खूप नंतर समजले; पण ते ज्या सुरात आले त्यामुळे मी आठ महिने कागदाला हात लावला नाही. पुढे पुन्हा लिहू लागलो तेव्हा कोणाला काही दाखवायचे म्हटले की पोटात गोळा येई. 'किल्ली' पाठवतानाही तो आलाच होता. तुमच्या अभिप्रायात एकही गोड शब्द नव्हता आणि तरीही तो वाचताना मला अपमान वाटला नाही, कारण तुमचे बोलणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कथेविषयी होते, माझ्याविषयी नव्हते.

मराठी कथेच्या बाबतीत हे काम एके काळी संपादक करीत असत. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथेवर लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन करवून घेत, हे त्या काळच्या अनेक लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. ते मासिक १९८२ साली बंद झाले. आज कथा पाठवली की स्वीकृती येते किंवा काहीच येत नाही, आणि 'काहीच नाही' यातून लिहिणाऱ्याने काय शिकायचे? त्या संपादकांचे टेबल आता रिकामे आहे असे म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही, स्वतःचे लिखाण बाजूला ठेवून, एका अनोळखी माणसाच्या कथेसाठी रात्रीचे दोन तास त्या टेबलाशी बसलात. तुम्ही स्वतः कथा लिहिता, म्हणजे ते दोन तास कोणाच्या वाट्याचे होते हे वेगळे सांगायला नको.

आपल्या गटाने पाळलेल्या एका नियमाचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण तो सुचवणाऱ्यांत तुम्ही होतात. सगळ्यांचे अभिप्राय येईपर्यंत लेखकाने उत्तर द्यायचे नाही, हा तो नियम. लेखकांच्या कार्यशाळांत ही रीत जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेत मिलफर्ड येथे सुरू झालेल्या विज्ञानकथा लेखकांच्या कार्यशाळेच्या नावाने तिला मिलफर्ड पद्धत म्हणतात. तिथे प्रत्येक जण पाळीने बोलतो, लेखक गप्प बसून ऐकतो आणि शेवटी त्याला बोलायला मिळते. सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटला. पेटी धाकट्याच्याच हातात आहे, वर तसे लिहिले आहे, हे सांगण्यासाठी मी अक्षरशः तळमळत होतो. पण तेव्हा उत्तर देता आले नाही म्हणूनच मला पुढे दिसले की आणखी दोघे जण त्याच परिच्छेदात अडखळले होते. एकाला तो भाग संथ वाटला होता, दुसरीला वाक्ये लांब वाटली होती आणि तुम्हाला पेटी कोणाकडे आहे ते कळत नव्हते. कारणे तिघांची तीन, पण जागा एकच. तेव्हापासून मी अभिप्राय वाचताना कारणांपेक्षा जागांवर खुणा करतो. छापलेल्या कथेच्या समासात प्रत्येक वाचकासाठी वेगळ्या रंगाची रेघ ओढतो, आणि जिथे तीन रंग एकत्र येतात तिथून कामाला लागतो.

एक गोष्ट मात्र मी तुमची ऐकली नाही. दुपारी दार वाजवून 'घर विकणार का' असे विचारून जाणाऱ्या शेजारीणबाईंचा प्रसंग तुम्हाला अनावश्यक वाटला होता. मी त्यावर महिनाभर विचार केला, तो काढून कथा वाचून पाहिली आणि पुन्हा ठेवला. तसे तुम्हाला कळवताना मला संकोच वाटत होता. इतका वेळ देणाऱ्या माणसाचे म्हणणे मोडणे मला कृतघ्नपणाचे वाटत होते. तुमचे उत्तर दोन ओळींचे होते. 'माझे मत अजूनही तेच आहे, पण कथा तुमची आहे, आणि तुम्ही तो प्रसंग काढून पाहिलात हे मला पुरेसे आहे,' असे तुम्ही लिहिले होते. त्या दोन ओळी मी जपून ठेवल्या आहेत. त्यानंतर मतभेदाची भीती माझ्या मनातून बरीचशी गेली.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही तुम्ही वेळीच सांगितल्यात. कथा सर्वांना दिसेल अशा जागी ठेवली, तर पुष्कळ मासिके आणि स्पर्धा ती प्रकाशित धरतात आणि मग स्वीकारत नाहीत, त्यामुळे कच्चा खर्डा मोजक्या वाचकांपुरताच ठेवावा, ही एक. दुसरी चोरीच्या भीतीविषयी. कथा लिहिली गेली की तिच्यावरचा हक्क कोणत्याही नोंदणीशिवाय लेखकाचा होतो. कल्पनेवर मात्र कोणाचाच हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर. हे कळल्यावर माझी कथा कोणाला दाखवू की नको ही घालमेल थांबली.

गेल्या वर्षभरात मी इतरांच्या वीसेक कथा वाचल्या. पूर्वी मी 'छान, आवडली' लिहून पुढे जात असे, किंवा दुसऱ्याचे शेवट बदलून देत असे. आता आधी मी एकदा नुसते वाचतो, हातात पेन न घेता. दुसऱ्या वाचनात कुठे थांबलो, कुठे मागे गेलो, कुठे भरभर वाचू लागलो ते लिहितो, आणि कथेत काय जिवंत आहे तेही तितक्याच नेमकेपणाने लिहितो, कारण लेखकाला ते अनेकदा ठाऊक नसते आणि दुरुस्तीच्या भरात तो नेमके तेच खोडून बसतो. एका तरुण लेखिकेने अलीकडे मला कळवले की माझ्या अभिप्रायावरून तिला कथेतली कोणती खोली अंधारी राहिली आहे ते समजले. तिचे आभार मी तुमच्याकडे पोहोचवत आहे, कारण ते तुमचेच आहेत.

'किल्ली'चा नवा खर्डा या पत्रासोबत वेगळा पाठवत आहे. घाई मुळीच नाही. तुमचे लिखाण आधी. शेजारीणबाई त्यात अजून आहेत, पण आता त्या दार वाजवतात तेव्हा दोघे भाऊ एकाच वेळी 'नाही' म्हणतात, आणि सहा वर्षांत प्रथमच ते दोघे एकत्र बोललेले असतात. हे तुम्हाला तिथे पटते का, की अजूनही खटकते, ते पूर्वीसारखेच स्पष्ट लिहा.

आपला कृतज्ञ,
एक सहलेखक