रंगाच्या आधीचं काम

बेळगाव, रविवार

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, लेव्हल वनच्या, म्हणजे मोठ्या मोटारीची छंदाची रॉकेटं उडवायच्या पहिल्या परीक्षेच्या, रॉकेटला फिनिशिंग करू की तसंच उडवू? तुझ्या बरोबरीची मुलं म्हणतात, वर जाऊन धड खाली आलं की सर्टिफिकेट मिळतं, मग घासत कशाला बसायचं. तुला लॅबला जायची घाई होती म्हणून मी "कर" एवढंच म्हणालो. आज शॉपला सुट्टी आहे, तेव्हा का कर म्हणालो ते सविस्तर लिहितो.

तू पाठवलेलं इन्स्ट्रक्शन बुक मी नीट वाचून काढलं. चार इंची जाड कागदी नळी, आत 38 मिलिमीटरचा मोटार माउंट (मोटार धरणारी नळी), बर्च प्लायवूडचे तीन फिन (शेपटीचे पंख), प्लास्टिकचा नोज कोन (पुढचं टोक). मला त्यात परकं काही वाटलं नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे लाकडी नमुने, करण्यात माझी हयात गेली. लाकूड, जोड, फिलेट (कोपऱ्यातली गोलाई), लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, लॅकर, हे सगळं रोजचंच. मोटार, म्हणजे जळून रॉकेटला वर ढकलणारं इंधनाचं नळकांडं, तेवढी माझ्या ओळखीची नाही. आपल्याकडे ती 1884 च्या स्फोटक कायद्याखाली येते, परवान्याशिवाय हातात घेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नवीन पोरांना फिनिशिंग म्हणजे शोभा वाटते. पण पॅटर्न घासताना कारागीर तो तपासत असतो. बोट फिरवल्याशिवाय खड्डा कळत नाही, पॉलिश पेपर लागल्याशिवाय जोडातली फट दिसत नाही. तीच फट पुढे साच्याची वाळू धरते, आणि पॅटर्न उचलताना साचा मोडतो. तुझ्या रॉकेटचंही तसंच. रंग द्यायचा म्हटलं की प्रत्येक जागेवर हात फिरतो, आणि हात फिरला की काय राहिलंय ते सापडतं. न घासता उडवलेल्या रॉकेटची कोणी अशी इंचाइंचाने तपासणी केलेली नसते. म्हणून मी "कर" म्हणालो.

आता जोर किती येतो ते बघ. मोटारीच्या एकूण जोराप्रमाणे तिला अक्षर असतं. 160 ते 320 न्यूटन-सेकंद म्हणजे एच मोटार, 640 पर्यंत आय. अक्षर पुढे गेलं की मर्यादा दुप्पट. सरासरी दीडशे न्यूटनची एच मोटार धरली आणि रॉकेट भरून दीड किलोचं, तर रेटा वजनाच्या दहापट झाला. हा रेटा मुख्यतः मोटार माउंटवरून सेंटरिंग रिंगांत (माउंट नळीच्या मधोमध धरणाऱ्या कड्यांत) आणि रिंगांच्या गोंदावरून नळीत जातो. म्हणजे वर जाताना तुझं रॉकेट त्या गोंदाच्या रेघांवर उभं आहे. त्या रेघा एकदा आत गेल्या की पुन्हा दिसणार नाहीत, म्हणून त्यांना सगळ्यात जास्त वेळ दे.

आधी सगळं गोंदाशिवाय बसवून बघ. रिंग नळीत घट्ट जात असेल तर रिंग घास, ठोकून बसवू नकोस. नळीला चकाकी आहे, तिच्यावर इपॉक्सी नीट धरत नाही. जिथे जिथे जोड येणार तिथली चकाकी 150 नंबरच्या पेपरने घालव. शॉक कॉर्ड (नळी आणि नोज कोन जोडून ठेवणारी दोरी) पुढच्या रिंगेला बांधायची असेल तर माउंट आत जायच्या आधी बांध. नंतर तिथे हात पोचत नाही.

फिनबद्दल मला जास्त बोलायचंय. तुझ्या किटचे फिन नळीच्या खाचेतून आत जाऊन थेट मोटार ट्यूबला टेकतात. ज्याने कोणी हे काढलं तो जोड जाणणारा माणूस. एकेका फिनला सहा फिलेट मिळतात: दोन मोटार ट्यूबवर, दोन नळीच्या आतून, दोन बाहेरून. पण बुकात मागची रिंग फिनच्या आधी चिकटवायला सांगितलंय. ते मला पटलेलं नाही. तू ती नुसती बसव, उपसायला टेपची एक पट्टी लावून ठेव. तिच्या आधाराने फिन सरळ उभे राहतील, मुळाशी थोडा गोंद धरेल. मग रिंग काढ, मागच्या तोंडातून लांब काडीने आतले चारही फिलेट भर, वाळू दे, आणि त्यानंतरच रिंग कायमची बसव. यात एक संध्याकाळ जास्त जाईल. जाऊ दे.

फिन एकमेकांशी 120 अंशांत आणि नळीच्या अक्षाशी सरळ हवेत. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, जाड पुठ्ठ्याची गाइड कापून घे. बाहेरचा फिलेट भरताना जोड आडवा, तोंड वर असा ठेव. एका वेळी वरच्या दोनच रेघा भर, त्या धरल्या की नळी फिरव. इपॉक्सीत सिलिका घातलीस तर ती ओघळत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, गोल टोकाच्या दांड्याने एकाच ओढीत आकार, आणि गोंद कडक व्हायच्या आत टेप काढायची. आमच्याकडे कोपऱ्यात गोलाई ठेवतात ती धारदार कोपऱ्यात ओतीव तडकतं म्हणून. फिनच्या मुळाशीही ताण असाच कोपऱ्यात गोळा होतो, गोलाई तो पसरवते.

पाच मिनिटांत धरणारा गोंद फक्त जागेवर टेकवायला वापर. खऱ्या जोडाला सावकाश वाळणारा घे, तो कागदात आणि लाकडात मुरतो. रेझिन आणि हार्डनर बनवणाऱ्याने सांगितलं त्याच प्रमाणात, काट्यावर मोजून. एकदम मोठा कप कालवू नकोस, साचलेली इपॉक्सी स्वतःच तापते आणि हातातच धरते. तुमच्या अमेरिकेतल्या हंट्सव्हिलला आता थंडी आहे, गॅरेजमध्ये ती उलट फार हळू वाळेल. तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट वेळ धर. वरून कडक लागली तरी आत कच्ची असू शकते. वाळल्यावर वर मेणासारखा थर हाताला लागला तर आधी पाण्याने आणि घासणीने धू, मग पेपर लाव. कोरडा घासलास तर तो थर पेपरबरोबर सगळीकडे पसरतो आणि त्यावर रंग धरत नाही. आपल्या पावसाळ्यात लॅकर पांढरा पडतो तो तुला आठवत असेल. दमट हवेचं दुखणं तिकडेही आहे, लक्षणं वेगळी.

आईला पॅराशूटमध्ये जास्त रस. तिने विचारलं, एवढं जड धूड खाली आपटणार किती जोरात? सेकंदाला 5 ते 6 मीटर वेगाने उतरतं असं धरून मी हिशेब करून दाखवला: साधारण सव्वा ते 1.8 मीटरवरून सोडल्याएवढं. म्हणजे माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरून, प्रत्येक वेळी, आणि बहुधा एका फिनच्या टोकावर. तिने लगेच म्हटलं, "मग वर जाताना नाही, खाली येताना मोडेल ते." बरोबर बोलली. फिन बहुतेक उतरतानाच मोडतात, आणि मोडलं तर तुझं सर्टिफिकेट अडकतं, कारण रॉकेट पुन्हा उडण्याजोगं परत आणून दाखवावं लागतं. तिचा निरोप असा: दोऱ्या जिथे शिवल्यात तिथली शिवण एकेक ओढून बघ, आणि घडी घालताना दोऱ्यांना पीळ पडू देऊ नकोस. माझा असा: पॅराशूट नोमेक्सच्या (आगीला न जळणाऱ्या) कापडात गुंडाळ, नाहीतर इजेक्शनचा, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या बंदुकीच्या दारूचा, गरम झोत त्याला भोकं पाडेल. शॉक कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट असू दे. आखूड कॉर्डला हिसका बसतो, आणि पॅराशूट उशिरा उघडलं तर तीच कॉर्ड कागदी नळी वरून उभी चिरत जाते. मोटारीचा डिले, म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचा वेळ, ठरवताना हे ध्यानात ठेव.

आता रंग. नळीवर जी वळणाची खाच दिसते ती पातळ लांबीने भरून घास. प्लायवूडच्या कडा रंग पितात, त्यांना आधी सीलर किंवा पातळ इपॉक्सी पाज. प्रायमर मारल्यावर वरून काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा दे आणि 320 ने घास. जिथे काळं राहील तिथे खड्डा आहे, जिथे प्रायमर जाऊन कागद दिसेल तिथे उंचवटा. मला ही पायरी सगळ्यात आवडते, कारण इथे कोणाची बढाई चालत नाही, काय आहे ते काळ्यात दिसतं. फिलेटमधले बुडबुडेही इथेच उघडे पडतील. ते भर, पुन्हा घास, मग 400. रंगाचे हात पातळ, आणि दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलंय तेच पाळ. अर्धवट वाळलेल्यावर मारलास तर सुरकुत्या येतात. नोज कोनचा जो भाग नळीत जातो त्याला रंग लावू नकोस, तिथे फिटिंग टेपने जुळवायचं. हवा सुटायचं बारीक भोक रंगाने बुजलं नाही ना तेही बघ. वर हवेचा दाब कमी होतो तेव्हा आतली कोंडलेली हवा नोज कोन अवेळी ढकलू शकते.

पॅटर्नवर आम्ही रंग देतो तो बघणाऱ्याला काही कळावं म्हणून, मशीनिंग कुठे, कोअर प्रिंट (आतला गाभा टेकायची जागा) कुठे. तूही तसाच दे. एक फिन वेगळ्या रंगाचा ठेव, म्हणजे रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का ते खालून दिसेल. अंगाला भगवा-नारिंगी दे, गवतात लवकर सापडेल.

रंगाच्या आधी आणि नंतर वजन कर. फिलेट आणि रंग यांचं बरंचसं वजन शेपटीकडे पडतं आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो मोटार भरलेल्या रॉकेटमध्ये प्रेशर सेंटरच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) निदान एक व्यास पुढे, म्हणजे तुझ्या नळीला चार इंच पुढे हवा. ओपनरॉकेट या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये किटचं छापील वजन टाकून गप्प बसू नकोस. तयार रॉकेट दोरीवर तोलून खरा बिंदू काढ आणि तो टाक. कमी पडलं तर नोज कोनमध्ये वजन घाल.

गेल्या आठवड्यात शॉपमध्ये या विषयावर बोलणं निघालं. आपल्याच राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या नगर गावी 2018 मध्ये एका विहिरीतून हजारावर जुनी रॉकेटं निघाली, म्हैसूरच्या फौजेची, लोखंडी नळीची. आम्ही बिडाचे लोक, आम्हाला त्याचं कौतुक वाटणारच. पण ती शत्रूवर सोडायची होती. तुमच्या नियमात कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास, धातू अगदी लागेल तेवढाच; फुटलं तर तुकड्यांनी कोणाला इजा होऊ नये म्हणून. हा नियम मला फार आवडला. दुसराही आवडला, की लेव्हल वनचं रॉकेट ज्याचं त्यानेच बांधायचं. नाहीतर फिनच्या कडा मी इथे रंध्यावर करून पाठवल्या असत्या. हात शिवशिवतात, पण नको. तुझ्या हातचंच होऊ दे.

आता कर काय, फिनच्या मुळाचे फोटो प्रायमर मारायच्या आधी काढून पाठव, बाजूला पट्टी ठेवून. दोन्ही वजनं आणि तोलाचा बिंदूही कळव, मी इथे हिशेब करून बघतो. वारा ताशी 20 मैलांच्या वर असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी उडवायचं नाही, आणि इग्नायटर (मोटार पेटवणारी वात) रॉकेट पॅडवर, म्हणजे उडवायच्या जागी, गेल्याशिवाय मोटारीत घालायचा नाही. आईला पॅराशूटच्या शिवणीचे फोटो वेगळे हवेत, जवळून काढलेले.

तुझा,
पप्पा